स्लॅबवरचं हवामान खातं

आमच्या उचगावात पाऊस पडला का न्हाय, हे ठरवायचा अधिकार गेलं वर्षभर एकाच माणसाकडं हाय. तुम्ही डोक्यापासनं पायापर्यंत भिजून त्यांच्या दारात उभं ऱ्हावा, ते आधी मोबाईल बघणार आणि मग तोंड वर करून सांगणार, "अजून नोंद न्हाय."

त्यांचं नाव शिवशरण तोडकर. आम्ही अण्णा म्हणतो. मी बाळासो. त्यांच्या घरासमोर माझं रिवायंडिंगचं दुकान हाय, पंपाच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. दारात खुर्ची टाकली की अण्णांचं घर, जिना आणि वरचा स्लॅब, सगळं एका नजरेत येतंय. त्यामुळं त्या स्लॅबवरच्या हवामानाच्या यंत्राचा जन्म, त्याचं लाडकोड आणि त्यापायी झालेला घोटाळा मी फुकटात बघितलाय. घोटाळ्यात माझाबी हात हाय, ते सांगतो पुढं. लपवून काय उपयोग न्हाय, सगळ्या गल्लीला म्हाईत झालंय.

अण्णा मूळचं गडहिंग्लजकडचं. चौतीस वर्षं शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला हुतं. ओतकाम हुऊन जॉब आला की त्याला व्हर्निअर लावायचं, गेज लावायचं. कागदावर एक वरची हद्द असती, एक खालची हद्द असती. त्या दोन्हीच्या मधी बसला तर पास, न्हाय बसला तर रिजेक्ट. अण्णांनी इतकं जॉब रिजेक्ट केलं की मालक त्यांना बघून वाट बदलायचा, असं ते स्वतःच छाती फुगवून सांगत्यात. आता असला माणूस रिटायर झाल्यावर काय करणार? रिजेक्ट करायला कायतरी लागतंय की. पहिलं सहा महिने घरातल्याच वस्तूंवर भागलं. भाकरी एका कडंला जाड. किराणावाल्याचा किलो पंधरा ग्रॅम कमी. मी भरून दिलेल्या मोटारीचा आवाज हद्दीच्या बाहेर. मी म्हणलं, अण्णा, मोटार पाणी उपसती का न्हाय? तर म्हणालं, "उपसती. पण बरोबर उपसत न्हाय."

मग हवामानाची पाळी आली. मोबाईलवर दिसायचं 'हलका पाऊस', आणि बाहेर डोकं फुटायचं ऊन. अण्णा पेटलं. "कुठंतरी लांब बसून उचगावचं हवामान सांगत्यात. नमुना घेतला न्हाय, हात लावून बघितला न्हाय, आणि थेट पास." त्यात कुठनंतरी त्यांना एक व्हिडिओ सापडला. घरच्या घरी हवामान केंद्र बनवा, फक्त तीन हजारात. तो व्हिडिओ ज्यानं केला त्याला एकदा उचगावला बोलवून चहा पाजायचा हाय मला. चहात काय घालायचं ते नंतर ठरवू.

तयार यंत्र बाजारात बारा हजाराला मिळत हुतं. डब्यातनं काढायचं, खांबाला लावायचं, सुरू. पण तयार आणलं तर त्यात अण्णा कुठं? म्हणून एक एक वस्तू मागवायला सुरुवात झाली. काडेपेटीएवढा एक बोर्ड, तपमानाचा आणि आर्द्रतेचा एक सेन्सर, हवेच्या दाबाचा एक. इथवर तीन हजार व्हय. मग दाबाचा सेन्सर लावून बघितला तर आकडा आला नऊशे सत्तेचाळीस, आणि मोबाईल सांगतोय एक हजार आठ. अण्णांनी सेन्सर रिजेक्ट केला. दुसरा मागवला, तोबी नऊशे सत्तेचाळीस. रिजेक्ट. तिसरा आला, त्याचंबी तेच. अण्णांनी दुकानदाराला चार पानी तक्रार लिहिली. त्या बिचाऱ्याचा फोन आला, "काका, तुम्ही समुद्रापासनं किती उंचावर राहता?" उंचावर हवेचा दाब कमीच असतोय आणि मोबाईल समुद्राच्या पातळीचा हिशेब लावून दाखवतोय, एवढी साधी गोष्ट हुती.  दोन दिवसांनी अण्णा मला म्हणालं, "सेन्सरमधी दोष नव्हता." म्हंजे दोष अण्णांतबी नव्हता, सेन्सरमधीबी नव्हता. दोष कोल्हापूरच्या उंचीचा निघाला.

व्हिडिओतल्या माणसानं सगळं प्लॅस्टिकच्या पायपावर बसवलतं. अण्णांना ते पटलं न्हाय. पायप वाकला तर वाऱ्याचं माप वाकडं येणार. मग उद्यमनगरातनं बारा फुटी स्टीलचा खांब करून आणला. खांब लोखंडाचा म्हणल्यावर त्यावर वीज पडणार, म्हणून तांब्याची पट्टी जमिनीपर्यंत. स्लॅबवर वायफाय पोचत न्हाय म्हणून ते वाढवायचा डबा. वारा मोजायला चार वाट्या फिरत्यात, त्याला अण्णांनी घरातलं आमटी वाढायचं चार नवं डाव कापलं. ते इतकं जड झालं की फिरायला वादळच लागायचं. शेवटी प्लॅस्टिकचं चेंडू अर्धं कापून लावलं, पण डाव गेलं ते गेलंच. तपमानाच्या सेन्सरला सावली पाहिजे म्हणून दहा पांढऱ्या प्लेटा पालथ्या एकावर एक. खालनं बघितलं की वाटायचं, पंगत उठलीया आणि प्लेटा उचलायला कुणी आलं न्हाय. सगळं मिळून एकतीस हजार चारशे. तीन हजाराचं यंत्र, तेबी घरी केलं म्हणून एवढ्यात भागलं.

आणि उत्पन्न काय? रोज सकाळी सात वाजता मोबाईलवर स्टेटस. 'उचगाव, तोडकर केंद्र. तपमान २४.३. आर्द्रता ७१. पाऊस ०.०.' दूधवाल्या हंबीररावानं एकदा सरळ विचारलं, "अण्णा, चोवीस पॉइंट तीन म्हंजे स्वेटर घालू का नको?" अण्णा म्हणालं, "ते तुझं तू ठरव. आपण फक्त मोजतो."

आता शांतव्वा वहिनींचं सांगायला पाहिजे. ह्या अण्णांच्या मंडळी. आमच्याकडं मार्च सरला की घरोघर वर्षाची चटणी करायची गडबड असती. मिरच्यांची देठं काढा, तीन दिवस कडक उन्हात वाळवा, कांदा-लसूण-खोबरं भाजा, डंकावर नेऊन कुटून आणा. ज्यांना जमत न्हाय ते वहिनींकडं सांगत्यात. एकवीस वर्षं चाललंय. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, आणि हात वहिनींचा. त्यांची मुलगी शांभवी पुण्याला हाय, तिच्या सोसायटीतली निम्मी घरं ह्याच चटणीवर जेवत्यात. नाव हाय वहिनींचं. अण्णांची पेन्शन किती हाय ते मी सांगत न्हाय, पण घर कुणाच्या चटणीवर चालतंय ते गल्लीला म्हाईत हाय.

चटणीचा वैरी एकच, वळीव. एप्रिल-मे मधी दुपारी दोनला आभाळ निळंशार असतंय आणि साडेतीनला गटारं भरून वाहत्यात. वाळत आलेली मिरची एकदा भिजली की संपली. काळी पडती, बुरशी धरती. म्हणून वहिनी मार्च अखेरपासनं मे संपेपर्यंत रोज अकरा ते चार स्लॅबवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीला, डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसायच्या. आभाळ बघत. दुसरं काम न्हाय, कारण दुसऱ्या कामाला खाली गेलं की संपलं.

आणि लग्नं कधी असत्यात? मे महिन्यातच. घरातलं कुणीतरी लग्नाला जायला पाहिजे, म्हणून अण्णा जायचं. एकवीस वर्षं प्रत्येक लग्नाला अण्णा. इस्त्रीची पँट, खिशात आहेराचं पाकीट, जेवून यायचं आणि आल्यावर सांगायचं, भातात मीठ कमी हुतं. वहिनींनी सख्ख्या भावाच्या पोराचं लग्न बघितलं न्हाय. नणंदेच्या पोरीचं न्हाय. स्लॅबवर मिरच्या हुत्या. हे मला रोज खुर्चीतनं दिसत हुतं आणि माझ्या कधी डोक्यात आलं न्हाय, की ही बाई मे महिन्यात कुठंच कशी जात न्हाय. शरम वाटती आता सांगताना.

यंत्र बसलं ते नेमकं स्लॅबच्या मधोमध. वर अण्णांनी भोवती पिवळ्या रंगानं एक गोल मारला. गोलाच्या आत मिरची घालायची न्हाय, कारण तापलेल्या मिरच्यांनी तपमानाचा आकडा खराब हुतोय. वहिनींचा एक तृतीयांश स्लॅब गेला. त्या भांडल्या न्हाईत. एवढंच विचारलं, "ह्याचा मला उपयोग काय?"

अण्णा म्हणालं, "तुला स्लॅबवर बसायचं कारण न्हाय. वळीव यायच्या आधी अर्धा तास यंत्र सांगंल."

"खरं?"

"लिहून देतो."

वहिनी त्या खांबाकडं बघत ऱ्हायल्या. आम्ही सगळ्यांनी त्या यंत्राची टिंगल केली, पण त्याच्याकडनं कुणाला खरी अपेक्षा असंल तर ती ह्या एकट्या बाईला हुती.

यंदाच्या मे महिन्यात दुसऱ्या रविवारी गडहिंग्लजला दानेश्वरीचं लग्न निघालं. दानेश्वरी वहिनींच्या धाकट्या बहिणीची लेक. कॉलेजला दोन वर्षं हितंच ऱ्हायलीती, वहिनींच्या हातनं वेणी घालून घ्यायची आणि आमच्या दुकानासमोरनं पळत बस गाठायची. वहिनी म्हणाल्या, "ह्या लग्नाला मला जायचं हाय." मागितलं असं कधी त्यांनी काय नव्हतं. स्लॅबवर पुण्याच्या ऑर्डरच्या चाळीस किलो मिरच्या, दोन उन्हं झालेल्या. तिसरं ऊन त्याच रविवारी.

अण्णा म्हणालं, "जा तू. यंत्र हाय, मी हाय."

सकाळी एसटीला जाताना वहिनी माझ्या दुकानासमोर थांबल्या. इरकल नेसलेल्या, केसात अबोली. मी ओळखलंच न्हाय आधी, ओल्या टॉवेलाशिवाय बघितलं नव्हतं ना कधी मे महिन्यात. म्हणाल्या, "भावजी, तुमचंबी लक्ष असू द्या जरा."

मी म्हणलं, "बिनधास्त जावा."

आता मधी एक झालतं ते सांगतो. आठ दिवसांपूर्वी मला कागलच्या बाजूला काळं आभाळ दिसलं. मी चांगल्या मनानं अण्णांना सांगायला गेलो. दारात चार माणसं हुती. त्या चौघांसमोर अण्णांनी मला विचारलं, "बाळासो, तुझ्या डोळ्याला कॅलिब्रेशन हाय का? शेवटचं कधी तपासून घेतलंस?" चौघं खदाखदा हसली. पाऊसबी त्या दिवशी आला न्हाय, तिच्यायला. मी मुकाट दुकानात येऊन बसलो, पण ते माझ्या पोटात ऱ्हायलं. मी काय लई मोठ्या मनाचा माणूस न्हाय.

रविवारी दुपारी जेवून अण्णा हॉलमधी पंख्याखाली बसलं. स्लॅबवर बसायची गरजच न्हाय, आकडं मोबाईलवर खाली येत्यात. मी दुकान निम्मं उघडून एक मोटार खोलून बसलतो. दोन पस्तीसला अण्णांच्या मोबाईलमधनं पहिली शिट्टी वाजली. मला रस्त्यापलीकडं ऐकू आली. हवेचा दाब खालच्या हद्दीच्या खाली गेलता.

आता तुम्ही-मी काय केलं असतं? वर बघितलं असतं. पण अण्णांनी यंत्राला हद्दी कशा घालून दिल्या हुत्या तर फौंड्रीच्या पद्धतीनं, गेल्या वर्षभराच्या आकड्यांवरनं, वरची एक आणि खालची एक. आकडा हद्दीबाहेर गेला म्हंजे कायतरी येतंय, असं दुसऱ्या कुणालाबी वाटंल. चौतीस वर्षं इन्स्पेक्शन केलेल्या माणसाला वाटलं, आकडा रिजेक्ट. ते पेचकस आणि मीटर घेऊन जिन्यानं वर गेलं. मिरच्यांच्या कडेकडेनं, एकबी पायाखाली येऊ न देता, पिवळ्या गोलात शिरलं आणि यंत्राचा डबा उघडून त्यात डोकं घातलं.

दुसरी शिट्टी. आर्द्रता वरच्या हद्दीबाहेर. तिसरी. तपमान दहा मिनिटांत आठ अंशानं खाली. उजळाईवाडीच्या बाजूनं आभाळ काळं हुत यायला लागलंतं, आणि अण्णांची पाठ नेमकी तिकडं.

मी खुर्चीतनं हाक मारली, "अण्णा, आभाळ आलंय बघा."

वरनं आवाज आला, "थांब जरा. आकडं चुकायला लागल्यात."

"अहो, मिरच्या काढा की."

"तीन सेन्सर एकदम बिघडत न्हाईत, बाळासो. तिघं एकदम खोटं बोलायला लागली म्हंजे त्यांना बोलायला लावणारा एकच असतोय. सप्लायचा घोळ हाय." आणि अण्णांनी सप्लाय तपासायला यंत्र बंद करून टाकलं.

एवढं ऐकल्यावर माझ्या डोक्यात ते आठ दिवसांपूर्वीचं हसणं आलं. म्हणलं, चालू दे. कॅलिब्रेशन केलेल्या माणसाचं आज बघूयाच. समोरच्या टपरीवरनं मी चहा मागवला. खरं सांगतो, मागवला. गार वारा सुटला, अण्णांच्या डोक्यावरचं चार केस उभं ऱ्हायलं, चेंडूच्या वाट्या गरागरा फिरायला लागल्या, आणि अण्णांनी त्या गार वाऱ्यात बरं वाटून शर्टाचं वरचं बटण सोडलं. मीटरच्या काचेवर पहिला थेंब पडला तो त्यांनी बाहीनं पुसला. आकडा नीट दिसंना म्हणून.

तीन वाजून दहा मिनिटांनी वळीव कोसळला. मग मात्र मी पळालो, चहा तिथंच सोडून. पण मी जिना चढेपर्यंत मिरच्यांखालच्या ताडपत्रीत तळं झालंतं. अण्णा त्या तळ्यात गुडघ्यावर बसून ओंजळीनं मिरच्या गोळा करत हुतं. डोळं झोंबत हुतं दोघांचंबी. आम्ही काय उचललं, काय सांडलं, कशाचा पत्ता न्हाय. स्लॅबच्या पायपातनं लाल पाणी खाली गल्लीत जात हुतं. पंचवीस मिनिटांनी ऊन पडलं. चांगलं कडक, मिरच्या वाळवायच्या लायकीचं.

यंत्र बंद असल्यामुळं त्या दिवशी तोडकर केंद्रावर पाऊस ०.०.

वहिनींना फोन कुणी करायचा ह्यावर आमचं दोघांचं एकमत झालं, की कुणीच करायचा न्हाय. साडेसहाला त्या आल्या. हातात लाडवाची पिशवी, तोंडावर हसू, सगळ्या अंगात लग्न भरलेलं. दारातनंच सांगायला लागल्या, "दानेश्वरी रडली ओ माझ्या गळ्यात पडून. म्हणती, मावशी, तू येशील असं वाटलंच नव्हतं..." आणि मग हॉलमधी पंख्याखाली पसरलेला तो लाल चिखल दिसला.

मला वाटलं आता आवाज चढणार. त्या पिशवी ठेवून खाली बसल्या. एक मूठ मिरच्या उचलून वास घेतला आणि परत ठेवल्या. अण्णा सप्लायबद्दल बोलायला लागलं. व्होल्टेज किती हुतं, किती पाहिजे हुतं, बोर्डाला कंपनीनं काय दिलंय. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यंत्रानं पहिल्यांदा किती वाजता सांगितलं?"

"दोन पस्तीस."

"पाऊस कधी आला?"

"तीन दहा."

"पस्तीस मिनिटं." वहिनी म्हणाल्या. "मला एकटीला गोळा करायला वीस लागत्यात."

  अण्णा म्हणालं, "उद्या खांब उतरवून टाकतो."

"खांबानं काय केलंय? त्यानं बरोबरच सांगितलं." मग त्या माझ्याकडं वळल्या. "भावजी, तुम्ही दुकानातच हुतासा न्हवं?"

मी म्हणलं, "मी हाक मारली हुती, वहिनी."

"किती वेळा?"

"दोनदा."

त्यांनी पिशवीतनं एक लाडू काढून माझ्या हातावर ठेवला. लग्नाचा लाडू, म्हणाल्या. मी तो तसाच हातात धरून दुकानात आलो. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी खाल्ला असता.

भिजलेल्या मिरच्या पंख्याखाली, हीटर लावून वाळवता येतील, असा एक आराखडा अण्णांनी काढलता. वहिनींनी चाळीस किलो दुसऱ्या दिवशी सकाळी उकिरड्यावर नेऊन टाकल्या. काळी मिरची कुटून लोकांच्या पोटात घालायची असती तर एकवीस वर्षं उन्हात कशाला बसल्या असत्या? नव्या मिरच्या आल्या, त्या अण्णांच्या पैशातनं. यंत्राचा वाऱ्याची दिशा दाखवणारा दुसरा टप्पा त्यासाठी रद्द झाला. पिवळा गोलबी पुसला गेला, तो कुणी पुसला ते विचारायची हिंमत आम्हाला झाली न्हाय.

मग वहिनींनी जाहीर केलं, एकोणतीस तारखेला पेठ वडगावला अण्णांच्या फौंड्रीतल्या सोबत्याच्या मुलीचं, संयोगिताचं, लग्न हाय आणि त्या जाणार. अण्णा लगेच म्हणालं, "जा तू. ह्या वेळी मी यंत्र..."

"तुम्ही माझ्यासंगं यायचं," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला यंत्राजवळ ठेवून जायला माझा जीव वर खाली हुतोय. मिरच्या भावजी बघतील."

मी व्हय म्हणलं. न्हाय म्हणायला तोंड कुठं हुतं? अण्णांनी शिट्टी माझ्या मोबाईलवर वाजायची सोय करून दिली. मी म्हणलं, मग दुकानातच बसतो की, शिट्टी वाजली की वर पळतो. वहिनींनी मान हलवली. "खाली बसायचं न्हाय. वर बसायचं. शिट्टी तुम्हाला त्या दिवशीबी ऐकू आलती."

एकोणतीसला अकरा वाजता मी स्लॅबवर गेलो. टाकीच्या सावलीला, डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसलो. बारा वाजेपर्यंत टॉवेल वाळला. सावली टाकीच्या बुडाशी जाऊन इतकी उरली की त्यात एक माणूस अंग चोरून बसंल. तपमान एकोणचाळीस पॉइंट दोन, बाजूला खांबावरच लिहून येतंय. मिरच्यांची धग, वर नाकाला झोंबणारा असा वास की बसल्या जागी शिंका. खाली उतरावं तर यंत्र तोंडाला कुलूप लावून बसलेलं, आणि ते कधी उघडंल सांगता येत न्हाय. एक वाजता मी हिशेब करायला लागलो, दोन महिने रोज पाच तास, असली एकवीस वर्षं, आणि आकडा मोठा व्हायला लागल्यावर सोडून दिला. माझ्या बायकोनं समोर दुकानाच्या दारातनं वर बघितलं आणि आत गेली. मी तिथनंच इतकी वर्षं वर बघत आलतो.

दीड वाजता वहिनींचा फोन आला. मागं ताशा वाजत हुता, माणसांचा गलका. त्या मोठ्यानं बोलत हुत्या, आणि आवाजात हसू हुतं.

"भावजी, जेवलासा का?"

"न्हाय अजून."

"आम्ही आत्ताच पंगतीला बसलोय. पाऊस?"

मी आभाळाकडं बघितलं. एक ढग न्हाय. "न्हाय, वहिनी. स्वच्छ हाय."

"मग बसा," त्या म्हणाल्या.